सेट-नेटच्या पेपर एकसाठी यूजीसीचा इतिहास कसा करायचा (घोकंपट्टी न करता)

सेट-नेट, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, त्यांच्या एका मॉक टेस्टमध्ये प्रश्न आला होता, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) स्थापना कधी झाली, आणि खाली पर्याय होते १९४५, १९४९, १९५३ आणि १९५६. गंमत म्हणजे चारही आकडे मला ओळखीचे वाटत होते आणि तिथेच घात झाला. ज्याने काहीच वाचलेलं नसतं तो अंदाजपंचे एक गोल काळा करून पुढे जातो, ज्याने अर्धवट वाचलेलं असतं तो तिथे चार मिनिटं बसतो. मी बसले. आणि शेवटी चुकीचाच गोल काळा केला.

त्यानंतर ठरवलं की हा भाग वर्षांची यादी म्हणून करायचाच नाही. तिसऱ्या अटेम्प्टला सेट निघाली (फक्त ह्यामुळे नाही अर्थातच, पेपर दोनने जास्त तारलं). आता तासिका तत्त्वावर शिकवते आणि दरवर्षी चार-दोन मुलं विचारतात मॅडम ते युनिट दहा कसं करायचं, त्यांना तोंडी सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी हिशोब बघा. पेपर एकला ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. सिलॅबसमध्ये दहा युनिटं आहेत आणि शेवटचं आहे उच्च शिक्षण व्यवस्था, म्हणजे साधारण पाचेक प्रश्न, दहा मार्क. त्यात तक्षशिला-नालंदा पण येतं, मूल्यशिक्षण, पर्यावरण शिक्षण पण येतं, ते तुम्ही कुठल्याही गाईडमधून करा, त्यात फार डोकं लावायची गरज नाही. पण स्वातंत्र्यानंतरचं उच्च शिक्षण आणि त्याचं प्रशासन हे जे दोन मुद्दे आहेत ना, त्यांचा कणा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. तो नीट समजला की आयोग, समित्या, धोरणं, नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था), सगळं आपोआप त्याला लटकवता येतं.

आता मुख्य युक्ती. कुठलंही वर्ष समोर आलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ह्या वर्षी पैसा कोण देत होतं आणि हुकूम कोण सोडत होतं? बस. यूजीसीचा सगळा इतिहास ह्या दोन गोष्टींची भानगड आहे. नावातच बघा, अनुदान आहे, म्हणजे पैसा. पण आज आपण यूजीसीचं नाव काढतो ते कशासाठी? यूजीसीचा नियम आला, यूजीसीने सक्ती केली, यूजीसीने मुदत वाढवली. म्हणजे हुकूम. पैसे वाटायला काढलेली संस्था हुकूम सोडणारी कशी झाली, हे कळलं की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

वही घ्या, आडवी धरा, मधोमध एक रेघ मारा. रेघेच्या वर पैसा, खाली हुकूम. आता पुढे वाचत वाचत भरत जा.

डाव्या टोकाला इंग्रजांचा काळ येईल, तो पटकन उरका. १८५४ चा वुडचा खलिता, त्यातून १८५७ ला मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं. ही विद्यापीठं सुरुवातीला शिकवायची नाहीत, फक्त परीक्षा घेऊन डिग्र्या द्यायची, हे लक्षात ठेवा, विचारतात. मग कर्झनच्या काळात १९०२ चा आयोग आणि १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा, ज्याने सरकारचा हात विद्यापीठांच्या मानगुटीवर आणखी घट्ट केला (हे रेघेच्या खाली लिहा). १९१७ ते १९१९ सॅडलर आयोग, नाव कलकत्ता विद्यापीठ आयोग असलं तरी शिफारशींचा परिणाम देशभर झाला. १९२५ ला इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड, जे पुढे १९७३ ला एआययू झालं, भारतीय विद्यापीठ संघ. एआययू आणि यूजीसी ह्यात गल्लत करू नका, एआययू ही विद्यापीठांची आपसातली संघटना आहे, सरकारी आयोग नाही. परदेशातून डिग्री घेऊन आलेल्यांना तुल्यतेचं प्रमाणपत्र लागायचं तेव्हा एआययूचं नाव ऐकलेलं असेल बघा. ह्या सगळ्या काळात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांना पैसे कसे वाटायचे ते बघणारी एखादी जागा. रेघेची वरची बाजू जवळपास रिकामीच राहील, राहू द्या.

आता ते लग्न.

मी १९४४ ते १९५६ हा सगळा काळ लग्नासारखा लक्षात ठेवते आणि आजवर ज्यांना ज्यांना असं सांगितलं ते विसरलेले नाहीत. १९४४ ला सार्जंट अहवाल आला, त्याने अशी एक समिती हवी असं सुचवलं. म्हणजे स्थळ सुचवलं. १९४५ ला विद्यापीठ अनुदान समिती झाली, तीनच केंद्रीय विद्यापीठांपुरती, अलिगढ, बनारस आणि दिल्ली. हा साखरपुडा. १९४७ ला तिच्याकडे तेव्हाच्या सगळ्याच विद्यापीठांचं बघायचं काम दिलं. मग १९४८ ला डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला, १९४९ ला अहवाल आला, त्यात त्यांनी सांगितलं की असं अर्धवट चालणार नाही, इंग्लंडमधल्या अनुदान समितीच्या धर्तीवर पूर्णवेळ अध्यक्ष असलेली नीट संस्था करा. प्रत्येक लग्नात एक मोठं माणूस असतंच ना जे बैठकीत बसून म्हणतं की किती दिवस लटकवणार आहात, तारीख काढा, ते हे. १९५२ ला केंद्र सरकारने ठरवलं की विद्यापीठांच्या अनुदानाची प्रकरणं यूजीसीकडेच पाठवायची. आणि २८ डिसेंबर १९५३ ला मौलाना आझादांनी, ते तेव्हा शिक्षणमंत्री होते, आयोगाचं उद्घाटन केलं. अक्षता पडल्या.

पण रजिस्टर लग्न कुठे झालं होतं? ते झालं १९५६ ला. यूजीसी कायदा मार्च १९५६ मध्ये झाला, लागू झाला ५ नोव्हेंबर १९५६ ला. तेव्हापासून ती वैधानिक संस्था.

म्हणजे प्रश्नात उद्घाटन किंवा नुसतं अस्तित्वात येणं म्हटलंय तर १९५३, वैधानिक किंवा कायद्याने म्हटलंय तर १९५६, समिती म्हटलंय तर १९४५, आणि शिफारस म्हटलंय तर १९४४ की १९४९ हे कुणाची शिफारस विचारली आहे त्यावर. प्रश्नातलं क्रियापद वाचा, वर्ष नंतर शोधा. माझ्या मॉकमध्ये "वैधानिक संस्था म्हणून" असे तीन शब्द होते आणि मी ते वाचलेच नव्हते.

इथे मराठीतून वाचणाऱ्यांना एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. इंग्रजीत समिती आणि आयोग दोन्हीची आद्याक्षरं सेमच, यूजीसी. म्हणून इंग्रजी नोट्सवाले घोळ घालतात, एका क्लासच्या छापील नोट्समध्ये तर मी १९४५ च्या पुढे सरळ आयोग असं लिहिलेलं पाहिलंय. आपल्याकडे शब्दच वेगळे आहेत, समिती आणि आयोग, साखरपुडा आणि लग्न. सेटला पेपर एक मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, तर असा प्रश्न आला की दोन्ही बाजूंचं वाचा.

आणि इंग्लंडच्या त्या मूळ समितीबद्दल दोन ओळी, कारण हा तुलनेचा मुद्दा फार कामाचा आहे. तिकडे ती १९१९ ला झाली आणि १९८९ ला बंदही झाली. तिचं काम मुख्यतः सरकार आणि विद्यापीठांच्या मध्ये उभं राहून पैसे वाटणं. आपण घेताना तिचा साचा घेतला पण कायद्यात काम मात्र दुप्पट दिलं. १९५६ च्या कायद्याचं कलम १२ वाचा, त्यात विद्यापीठीय शिक्षणाचं संवर्धन आणि समन्वय तर आहेच, शिवाय अध्यापन, परीक्षा आणि संशोधन यांचा दर्जा ठरवणं आणि टिकवणं हेही आहे. म्हणजे पैसाही तुझ्याकडे आणि छडीही तुझ्याकडे. तुमच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना १९५६ येईल. असं दोन्ही बाजूंना येणारं हे पहिलं वर्ष, म्हणून ते सगळ्यात महत्त्वाचं.

अध्यक्षांची नावं

सगळी नावं पाठ करू नका, वेळ वाया जातो. आपली माणसं धरा, मधली आपोआप बसतात.

पहिले अध्यक्ष शांतिस्वरूप भटनागर, हो, ज्यांच्या नावाने विज्ञानाचा पुरस्कार आहे तेच. ते १९५५ च्या पहिल्याच दिवशी वारले. मग थोडा काळ हुमायून कबीर आणि मग आपले चिंतामणराव देशमुख, सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५६ ला मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला हे आपल्याकडे शाळेपासून माहिती असतं. पण राजीनाम्यानंतर साहेब गेले कुठे हे कुणी विचारत नाही. ते त्याच वर्षी यूजीसीचे अध्यक्ष झाले, १९६१ पर्यंत होते, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे संयुक्त महाराष्ट्र, देशमुखांचा राजीनामा, यूजीसी कायदा, सगळं १९५६. मला तर आता १९५६ विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. आणि बघा ना, अनुदान वाटायच्या संस्थेला कायदा झाल्यावर अध्यक्ष मिळाला तो कोण, तर देशाची तिजोरी सांभाळलेला माणूस. पैशाची बाजू पक्की.

त्यानंतर दौलतसिंग कोठारी, १९६१ ते १९७३, सगळ्यात जास्त काळ. इथे एक हमखास फसवणूक आहे. कोठारी आयोग म्हणजे १९६४ ते ६६ चा शिक्षण आयोग, त्याचेही अध्यक्ष हेच आणि त्या वेळी यूजीसीचे अध्यक्षही हेच. दोन वेगळ्या खुर्च्या, माणूस एक. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर-गारगोटीकडच्यांना मौनी विद्यापीठामुळे हे नाव माहिती असेलच. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा ही शिफारस ह्याच आयोगाची, १९६८ चं पहिलं राष्ट्रीय शिक्षण धोरण त्यावरच उभं, आणि ते ६ टक्के २०२० च्या धोरणातही परत लिहिलेले आहेत, म्हणजे काय ते समजून घ्या. मुदलियार आयोग (१९५२-५३) मध्येच पर्यायात टाकतात, तो माध्यमिक शिक्षणाचा, इथे त्याचं काम नाही.

पुढे माधुरी शाह, १९८१ ते ८६, एसएनडीटीच्या कुलगुरू राहिलेल्या. मग प्रा. यशपाल, १९८६ ते ९१. मग अरमायटी देसाई, १९९५ ते ९९, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या संचालक होत्या त्या. मग २००२ ते ०५ अरुण निगवेकर, पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि नॅकचे पहिले संचालक. मग २००६ ते ११ सुखदेव थोरात, मूळचे अमरावती जिल्ह्यातले. एवढे खुंटे पुरतात. यशपाल हे नाव जरा जास्त जपून ठेवा, ते पुढे परत परत येणार आहे.

कायदा स्वतः वाचा, खरंच

यूजीसी कायद्याची पीडीएफ यूजीसीच्या वेबसाईटवर फुकट आहे, छोटा कायदा आहे, एका संध्याकाळीत होतो. गाईडवाले ज्याची चार पानं करतात ते मूळ वाचलं की अर्ध्या पानात बसतं. सगळी कलमं नकोत, ही बघा.

कलम २(एफ), विद्यापीठ म्हणजे काय. कॉलेजच्या गेटवरच्या बोर्डावर "टू एफ, ट्वेल्व्ह बी" लिहिलेलं असतं ना, त्यातलं टू एफ हे. ट्वेल्व्ह बी म्हणजे केंद्राचं अनुदान घ्यायला पात्र, ही तरतूद १९७२ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे साध्या भाषेत टू एफ म्हणजे यूजीसी तुम्हाला ओळखते आणि ट्वेल्व्ह बी म्हणजे यूजीसी तुम्हाला पैसे देऊ शकते. आमच्या आधीच्या कॉलेजात कितीतरी वर्षं फक्त टू एफ होतं आणि प्राचार्य प्रत्येक भाषणात "लवकरच ट्वेल्व्ह बी" म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं हा काहीतरी एक्स्ट्रा वर्ग आहे तुकडीसारखा.

कलम ३, अभिमत विद्यापीठं (म्हणजे विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था). पहिलं १९५८ ला, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. दर्जा केंद्र सरकार देतं, यूजीसीच्या सल्ल्याने. यूजीसी स्वतः देत नाही, हे विधान चूक की बरोबर टाईपमध्ये येतं.

कलम १४ म्हणजे विद्यापीठाने ऐकलं नाही तर अनुदान रोखता येतं. हेच ते, पैसा हाताशी धरून हुकूम. तुमच्या वहीत वरून खाली एक बाण काढा इथे. कलम २२ डिग्री देण्याचा अधिकार कुणाला, कलम २३ नावात विद्यापीठ हा शब्द कुणी लावायचा नाही. आणि कलम २४ मध्ये ह्या दोन्हीचा भंग केला तर दंड, किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५६ चे हजार ठीक आहेत हो, पण आज बोगस विद्यापीठ काढणारा एका ॲडमिशनमध्ये ते वसूल करतो. म्हणून तर यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांच्या याद्या जाहीर करत बसते.

रचनाही एका ओळीत: अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि दहा सदस्य, नेमणूक केंद्र सरकारची, आणि अध्यक्ष केंद्र किंवा राज्य सरकारचा अधिकारी असता कामा नये. मुख्य ऑफिस दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर, पश्चिम विभागाचं ऑफिस पुण्यात. ब्रीदवाक्य ज्ञान-विज्ञान विमुक्तये.

आता हुकूम चालतो कशाच्या जोरावर? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत ६६ नंबरची नोंद आहे, उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय आणि निश्चिती केंद्राकडे. ही नोंद पहिल्यापासून आहे. शिक्षण हा विषय मात्र आधी राज्य सूचीत होता, तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या) सूचीत आला. ह्या दोन गोष्टी मुलं एकत्र करून टाकतात आणि म्हणतात १९७६ नंतर केंद्राला अधिकार मिळाला. नाही, दर्जाचा अधिकार आधीपासूनच होता, नाहीतर १९५६ चा कायदा केंद्राने केला कसा असता.

हे कोरडं वाटत असेल तर २०२० आठवा. कोविडमध्ये महाराष्ट्र सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत असं ठरवलं, यूजीसीने जुलैत सांगितलं सप्टेंबरअखेर घ्याच, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलायची मागणी यूजीसीकडे करू शकतं, पण परीक्षा न घेता अंतिम वर्षाला पास करून टाकू शकत नाही. मग आपल्या पोरांनी घरी बसून मोबाईलवर एमसीक्यू सोडवले ते सगळ्यांना आठवत असेल. ती नोंद ६६ म्हणजे हे. माझ्या चुलतभावाची डिग्री त्यातलीच, त्याला मी अजून ६६ म्हणून हाक मारते.

आणि दुसरी केस यशपालांची. छत्तीसगडने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उगवली, बऱ्याच जणांकडे कॅम्पस म्हणावं असं काही नव्हतं. यूजीसीचे माजी अध्यक्ष यशपाल स्वतः कोर्टात गेले आणि २००५ ला सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यातली ती कलमं घटनाबाह्य ठरवली. खासगी विद्यापीठांवर प्रश्न आला तर ही केस डोक्यात हवीच.

पिलावळ आणि नेट

ऐंशीच्या दशकात यूजीसी स्वतःच संस्था काढायला लागली. १९८४ ला कायद्यात तशी दुरुस्ती झाली, म्हणून १९८४ च्या आधीचं कुठलंही आंतरविद्यापीठ केंद्र (सगळ्या विद्यापीठांनी मिळून वापरायची संस्था) पर्यायात दिसलं तर शंका घ्या. दिल्लीचं अणुविज्ञान केंद्र, मग १९८८ ला पुण्यात आयुका (खगोलशास्त्राचं केंद्र), जयंत नारळीकर संस्थापक संचालक आणि तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष यशपाल. १९९१ ला इन्फ्लिबनेट (विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं जाळं), ते गुजरातेत. १९९४ ला नॅक, बंगळूरला. दिल्ली, पुणे, गुजरात, बंगळूर, नकाशावर वरून खाली यायचं, फक्त पुणे आणि गुजरात उलटे आहेत तेवढं सांभाळा. १९८४ लाच १५ ऑगस्टपासून दूरदर्शनवर यूजीसीचा कंट्रीवाईड क्लासरूम सुरू झाला. माझे वडील सांगतात की दुपारी दुसरं काही लागायचंच नाही म्हणून बघायचो.

यूजीसीची नसलेली भावंडं वेगळी ठेवा: एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची परिषद), सल्लागार म्हणून १९४५ पासून, कायदा १९८७ चा. एनसीटीई (शिक्षक-प्रशिक्षणाची परिषद), कायदा १९९३ चा. ह्यांचे आपापले कायदे आहेत, ही यूजीसीच्या पोटातली नाहीत. आयआयटी पण नाहीत, त्यांचा स्वतंत्र कायदा.

नेटचा इतिहास तर तुम्हाला स्वतःच्या सोयीसाठीच माहिती पाहिजे. नेट सुरू झाली १९८९ ला. १९९१ च्या सप्टेंबरात यूजीसीने नियम काढून अधिव्याख्यात्यांना ती बंधनकारक केली, आणि आपल्याकडे त्यातून केवढा मोठा राडा झाला बघा, १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० ह्या काळात लागलेले बिगर नेट-सेट प्राध्यापक, त्यांच्या सेवेचा आणि पदोन्नतीचा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालला, संप झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. कुठल्याही जुन्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ही तारीख नुसती उच्चारा आणि चहा सांगून बसा. आमच्याकडचे एक सर ती तारीख स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन सांगतात. परीक्षा घेणारे बदलत गेले, आधी यूजीसी स्वतः, मधे सीबीएसई, डिसेंबर २०१८ पासून एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था. जून २०२४ ची नेट १८ तारखेला झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते इथे लिहिता येणार नाही. सेट मात्र आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी.

शेवटचा तुकडा, यूजीसी जाणार का. हा प्रश्न जुना आहे. २००९ ला यशपाल समितीने (बघा, परत आले) सांगितलं की हे वेगवेगळे आयोग-परिषदा एकाच छत्राखाली आणा. २०१८ ला यूजीसी कायदा रद्द करून नवा उच्च शिक्षण आयोग आणायचा मसुदा सरकारने जाहीर केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रकरण १८ मध्ये ते नीट मांडलंय: एक आयोग, चार हात. एक नियमन करणारा, एक मूल्यांकन बघणारा, एक अनुदान देणारा, एक शैक्षणिक मानकं ठरवणारा. वैद्यकीय आणि कायद्याचं शिक्षण सोडून, हे अपवाद नक्की विचारतात. आता तुमच्या वहीतली रेघ बघा. १९५६ ला पैसा आणि हुकूम एका हातात दिले होते, हे धोरण म्हणतं ते परत वेगळे करा. बरोबर की चूक ते पीएचडीवाल्यांनी ठरवावं, मला विचाराल तर ज्याच्या हातात पैसा नाही त्याचा नुसता हुकूम आपल्या संस्थाचालकांनी कधी ऐकलेला मी तरी पाहिला नाही. संसदेत ह्याचं काय चाललंय ते परीक्षेआधी आठवडाभर पेपरात बघून घ्या, क्लासच्या जुन्या नोट्सवर राहू नका.

उजळणीसाठी माझी पद्धत अशी की ती आडवी वही पूर्ण झाली की मोठ्या कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. कपडे काढताना रोज एकदा नजर जाते तेवढी पुरे. तारखा एका रंगात, माणसं दुसऱ्या. आयोग लिहिताना दोन वर्षं लिहा, बसला कधी आणि अहवाल कधी, कारण राधाकृष्णन १९४८ पण येतं आणि १९४९ पण.

आता हे तीन सोडवून बघा, मीच बनवलेत.

एक, क्रम लावा: नॅकची स्थापना, यशपाल समितीचा अहवाल, ट्वेल्व्ह बी ची तरतूद, आयुका.

दोन, विधान: यूजीसी ही घटनात्मक संस्था आहे. कारण: केंद्र सूचीतील नोंद ६६ उच्च शिक्षणाच्या दर्जाबाबत आहे.

तीन, आयोगाचं उद्घाटन, कायदा लागू होणं आणि सी. डी. देशमुखांची नेमणूक ह्यातल्या कुठल्या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या?

पहिल्याचं उत्तर ट्वेल्व्ह बी, आयुका, नॅक, यशपाल समिती. दुसऱ्यात विधान चूक, कारण बरोबर, यूजीसीचं नाव घटनेत कुठेही नाही, ती कायद्याने झालेली म्हणजे वैधानिक. तिसऱ्याला कायदा आणि देशमुख, १९५६. आणि कुणी उद्घाटन १९५६ ला टाकलं असेल तर लग्न आणि रजिस्टर परत वाचा, मी पण तिथेच दोन मार्क घालवलेत.